हिरवे ठिपके, पिवळे ठिपके: कोळंबीच्या तळ्यातला व्हिब्रिओ घरी कसा मोजायचा

मार्च उजाडला की माझा फोन एकाच प्रश्नासाठी वाजायला लागतो. "ताई, प्लेट हिरवी आलीय. काय टाकू?" प्लेट म्हणजे तळ्यातले जंतू वाढवून मोजायची थाळी. पलीकडचा माणूस कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर उभा असतो, मागे पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरची घरघर चालू असते, आणि त्याला माझ्याकडून एखाद्या डब्याचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. उलट विचारते: ठिपके किती? प्लेट पाण्याची की कोळंबीची? पाणी पातळ करून लावलंस की तसंच? किती तासांनी वाचलीस? बहुतेकदा यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसतं. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. सहा वर्षं मुंबईत एका लॅबमध्ये दुसऱ्यांच्या प्लेटा मोजल्या. लग्न होऊन रायगडच्या खाडीकाठी आले तेव्हा सासऱ्यांची खाजणात दोन तळी होती. आधी टायगर कोळंबी, मग २००९ मध्ये देशात व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांनी आम्हीही तिच्याकडे वळलो. पडवीच्या एका टोकाला ओटा बांधून घेतला, थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवला. तीच माझी लॅब. आता आसपासचे पंधराएक जण बाटल्या घेऊन येतात. यातलं काही करायला पदवी लागत नाही. स्वच्छता लागते आणि वहीत लिहायची सवय लागते. दुसरी गोष्ट जास्त अवघड.

व्हिब्रिओ या जंतूबद्दल आधी थोडं. खारट-मचूळ पाण्यात तो असतोच. खाडीत असतो, तुमच्या तळ्यात असतो, धडधाकट कोळंबीच्या आतड्यातही असतो. घराणं मोठं आहे. पटकीचा जंतू याच घरातला. व्हिब्रिओ कोरॅलीलायटिकस नावाचा एक भाऊ समुद्रातल्या प्रवाळाचं मांस विरघळवतो, आणि पाणी तापलं की त्याचा जोर वाढतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे अक्षरशः गळून पडत होते. सूर्यफुलासारखा दिसणारा, वीसेक हातांचा तो मोठा तारामासा तर नव्वद टक्क्यांहून जास्त संपला. कारण सापडायला बारा वर्षं लागली. २०२५ मध्ये कळलं की त्यामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा आहे, आणि तो हाती लागला तो तारामाशाच्या अंगातल्या द्रवात. आधीचा शोध बराचसा मांसाच्या तुकड्यांत चालला होता. हे सांगायचं कारण एवढंच की नमुना चुकीच्या जागचा असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. भल्याभल्यांची गेली आहे.

तर नमुन्यापासूनच सुरू करू.

बाटली कुठे बुडवायची

पहाटे, पहिलं खाद्य पडायच्या आधी. एरेटरच्या फेसाजवळ नको, बांधाला लागून नको. मचाणावरून हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बाटलीचं झाकण पाण्यातच उघडा, भरली की आतच लावा. वरचा तवंग आत येता कामा नये. दुसरी बाटली तळाजवळची, जिथे एरेटरच्या प्रवाहाने गाळ गोळा होतो तिथली. वरच्या पाण्यात दर मिलीला दोनशे व्हिब्रिओ आणि गाळाजवळ पाच हजार, असं मी कितीदा पाहिलंय. नुसतं वरचं पाणी आणणारा माणूस खुशीत घरी जातो.

बाटल्या आधी उकळून घेतलेल्या असाव्यात. मिनरल वॉटरची रिकामी बाटली चालेल का, असं विचारतात. नवीन, सीलबंद, आणि आतलं पाणी फेकून लगेच वापरली तर चालवून घ्या. सरबताची बाटली चालणार नाही. साखर व्हिब्रिओचं आवडतं खाणं आहे. बाटली उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि थेट बर्फातही खुपसू नका. व्हिब्रिओला थंडी सोसत नाही, तो गारठून प्लेटवर उगवतच नाही आणि तुम्हाला वाटतं पाणी झकास आहे. थर्माकोलच्या डब्यात, सावलीत, चार तासांच्या आत ओट्यावर पोचली पाहिजे.

कोळंबीचा नमुना म्हणजे जिवंत कोळंबी. मेलेली आणू नका. मेल्यावर तासाभरात तिच्या अंगात कोण कोण शिरतं त्याचा काही हिशोब नाही. चेक ट्रेमधून, म्हणजे खाद्य तपासायला पाण्यात सोडलेल्या जाळीच्या थाळीतून, पाच उचला, त्यातल्या दोन सुस्त आणि तीन चपळ. तळ्याचंच पाणी घातलेल्या पिशवीतून आणा.

प्लेट ओतणं

जंतू वाढावेत म्हणून प्लेटमध्ये जे खाणं थिजवतात ते माध्यम. आपल्या माध्यमाचं नाव टीसीबीएस. हिरवट पूड असते, डब्यात येते, हवा लागली की दगड होते. तेव्हा डबा उघडा ठेवून फोनवर बोलत बसू नका. तिच्यात पित्तक्षार असतात आणि पीएच ८.६ असतो, त्यामुळे बाकीचे बरेच जंतू तग धरत नाहीत. शिवाय तिच्यात साधी साखर असते, सुक्रोज, आणि रंग बदलणारा एक पदार्थ. जो जंतू ही साखर खातो तो आम्ल सोडतो आणि त्याचा ठिपका पिवळा होतो. जो खात नाही त्याचा ठिपका हिरवा राहतो. रंगाचा अर्थ एवढाच. पुढे यावर बोलायचंच आहे.

शंभर मिली पाण्याला साधारण ८.९ ग्रॅम पूड, डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर ते धरा. शंभर मिलीत सहा प्लेटा होतात. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत राहा. दुधासारखी उतू जाते, आणि ओट्यावर सांडली तर तो हिरवा डाग महिनाभर निघत नाही. एक उकळी येऊन पूड पूर्ण विरघळली की बस. प्रेशर कुकरात घालू नका. बाकीची माध्यमं कुकरात घालतात, हिला घातलं तर ती बिघडते. मग पातेलं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून चटका न बसता सोसवेल इतकं निवू द्या. गरम ओतलं तर झाकणाला घाम येतो, तो थेंब प्लेटवर पडतो आणि ठिपके एकमेकांत वाहतात. ओतल्यावर थिजू द्या, उलट्या करून तासभर ठेवा.

आता एक चूक, जी शिकलेली माणसंही करतात: पाणी पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर घेतात. खाऱ्या पाण्यातला जंतू एकदम गोड्या पाण्यात पडला की फुगून फुटतो. शंभर मिलीत दोन ग्रॅम मीठ घाला, आयोडीन नसलेलं, उकळून गार करा. नळीत हे नऊ मिली घ्या आणि नमुन्याचं एक मिली घाला, की झालं दहापट पातळ. त्यातलं एक मिली पुढच्या नळीत, की शंभरपट.

प्रत्येक पातळीचं ०.१ मिली प्लेटच्या मधोमध सोडून काचेच्या वाकड्या दांडीने पसरायचं. दांडी स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून काढा आणि गार होऊ द्या. गरम दांडीने पसरलंत तर जंतू तिथेच भाजले जातात. स्पिरिटची बाटली ज्योतीपासून दोन हात लांब. हसू नका, माझी एक ओढणी याच कामी आलीय.

कोळंबीचं करायचं असेल तर आधी तिचं अंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, मग डोक्याची ढाल उचलून आतली तपकिरी गाठ काढा. तिचं नाव हिपॅटोपँक्रियास, आम्ही एचपी म्हणतो. पाचांची मिळून एक ग्रॅम घ्या, नऊ मिली मिठाच्या पाण्यात खलून बारीक करा, मग वरच्यासारखंच पातळ करत जा. इथला आकडा पाण्याच्या शंभरपट आला तरी दचकू नका. आतड्याजवळचा अवयव आहे, तिथे गर्दी असतेच.

प्लेटा उलट्या ठेवून तीस अंशाला. एप्रिल-मेमध्ये आमच्या पडवीतच तेवढं असतं, खोक्यातला बल्ब लावावा लागत नाही.

वाचायची वेळ

अठरा ते चोवीस तास. याच्या पुढे नाही. हे मी मोठ्याने लिहिते आहे असं समजा.

काही वर्षांपूर्वी पेणला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. शुक्रवारी संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या कोळंबीच्या आठ प्लेटा लावल्या, म्हटलं शनिवारी संध्याकाळी येऊन वाचेन. येणं झालं रविवारी रात्री. साडी न बदलता खोकं उघडलं तर आठच्या आठ हिरव्यागार. घाबरून त्या शेतकऱ्याला फोन केला. त्याने रात्र जागून काढली आणि पहाटे माणसं लावून तळं उपसलं. कोळंबी नऊ ग्रॅमची होती, म्हणजे किलोला एकशे दहा नग. महिनाभर थांबला असता तर भाव कुठल्या कुठे गेला असता. त्याच कोळंबीची मी सोमवारी पुन्हा प्लेट लावली, वीस तासांनी पाहिली: जवळजवळ सगळे ठिपके पिवळे. तीच प्लेट मुद्दाम तशीच ठेवली. दोन दिवसांनी हिरवी.

झालं होतं असं की साखर संपली की जंतू प्लेटमधली प्रथिनं खायला लागतो, त्यातून आम्लाच्या उलट पदार्थ सुटतात आणि रंग परत फिरतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, मीही परीक्षेत लिहिलं होतं. त्या माणसाला मी खरं ते सांगितलं. त्याने पैसे मागितले नाहीत. पण पुढचे दोन हंगाम बाटलीही पाठवली नाही.

वाचताना तीस ते तीनशे ठिपके असलेली प्लेट हिशोबाला घ्या. पिवळे वेगळे, हिरवे वेगळे. प्लेटच्या पाठीवर मार्करने टिंब करत मोजा, म्हणजे दोनदा मोजले जात नाहीत. न पातळ केलेल्या पाण्याचं ०.१ मिली लावलं असेल तर गुणिले दहा, दहापट पातळ असेल तर गुणिले शंभर, शंभरपट असेल तर गुणिले हजार. न पातळ केलेल्या पाण्याच्या प्लेटवर ३८ पिवळे आणि ४ हिरवे आले, तर एका मिलीत ३८० आणि ४०.

मग घाबरायचं कधी

पाण्यात एकूण व्हिब्रिओ दर मिलीला हजाराच्या आत, हिरवे शंभराच्या आत, असा एक ठोकताळा सगळीकडे चालतो. मीही तोच धरते. पण एका आकड्यावर मी कधीच काही करत नाही. सोमवार आणि गुरुवार, दोन बाटल्या, दोन आकडे, वहीत. सातशेवर दोन आठवडे टेकलेलं तळं मला चालतं. पन्नासवरून चारशेवर उडी मारलेलं चालत नाही.

आणि पिवळे चांगले, हिरवे वाईट, हे डोक्यातून काढा. हिरव्यांत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस असतो, व्हल्निफिकस असतो, म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवायचा. पण अंधारात चमकणारा हार्वेयी पिवळाही येतो आणि हिरवाही. तळ्यात गुळाचं पाणी ओतून हिरवे कमी आणि पिवळे जास्त करून दाखवणारे लोक आहेत. साखर खाणाऱ्यांना साखर घातली तर तेच वाढणार. प्लेट छान दिसते, कोळंबीला काय वाटतं ते वेगळं.

प्लेटला एक गोष्ट मुळीच कळत नाही: या जंतूकडे विष आहे की नाही. २००९ मध्ये चीनमध्ये लहान कोळंब्या झपाट्याने मरायला लागल्या, मग व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, २०१३ मध्ये मेक्सिको. बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडल्यापासून महिना-सव्वा महिन्याच्या आत तळं रिकामं. बराच काळ लोक पाण्याला, खाद्याला, कीटकनाशकांना दोष देत होते. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की हा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच आहे, पण विशिष्ट जातकुळीचा. त्याच्याजवळ प्लास्मिड नावाचा डीएनएचा एक सुटा तुकडा असतो, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीसारखा, आणि त्या चिठ्ठीत दोन विषांची कृती लिहिलेली. पुढे घराण्यातल्या इतर भावांकडेही ती सापडली. ती वाचायला पीसीआरच लागतो, म्हणजे डीएनए ओळखणारी लॅबमधली तपासणी. तेव्हा बीज घेण्याआधी त्याची पीसीआर तपासणी करून घ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची, ईएचपी नावाच्या परजीवीची आणि या विषारी व्हिब्रिओची, तिन्हीची. तिथे वाचवलेले पैसे वाचत नाहीत.

कोळंबी हातात घ्या

प्लेट उद्या बोलणार. कोळंबी आत्ता बोलते.

चेक ट्रे वर काढा, एक उचला, डाव्या तळहातावर आडवी ठेवा आणि उन्हाकडे धरा. पाठीवरून शेपटीपर्यंत आतड्याची काळपट रेघ सलग दिसली पाहिजे. तुटक असेल तर ती नीट खात नाही, रिकामी असेल तर खातच नाही. ढालीखालची एचपी चॉकलेटी, टपोरी, वर पांढुरकी पातळ त्वचा असलेली असावी. फिकी पडली, आक्रसली, किंवा तिच्यात काळ्या रेघा दिसल्या, तर ती काढून अंगठा आणि बोटात दाबून बघा. निरोगी एचपी लोण्यासारखी पसरते. त्या विषाने मारलेली चिवट लागते, सहज चिरडत नाही. एकदा हाताला कळलं की विसरत नाही.

शेपटीच्या पाकळ्यांच्या कडा लाल किंवा झिजलेल्या, मिशा तुटलेल्या, कवचावर तपकिरी-काळे खड्डे: हेही व्हिब्रिओचंच काम, तो कवच खातो. पाण्यावर पांढऱ्या दोऱ्या तरंगायला लागल्या तर ती पांढरी विष्ठा. त्यात व्हिब्रिओबरोबर बऱ्याचदा ईएचपी असतो, जो जंतूही नाही आणि विषाणूही नाही, बुरशीच्या नात्यातला परजीवी आहे. वाढ खुंटलेली, एकाच तळ्यात बोटभर आणि वितभर कोळंब्या, असं दिसलं तर आधी त्याचा संशय.

आणि ढाल सोलून उजेडात धरल्यावर आतल्या बाजूने पांढरे गोल ठिपके दिसले, कोळंब्या लालसर होऊन कडेला आल्या, तर लगेच तपासणीला पाठवा. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू असेल तर व्हिब्रिओवरचे कुठलेच उपाय तिथे कामाचे नाहीत, वेळ घालवू नका. तुमच्या आधी हे बगळ्यांना कळतं. एखाद्या सकाळी एकाच तळ्यावर बगळे आणि कावळे जमले असतील तर चहा नंतर, आधी तिकडे.

रात्रीची एक तपासणी फुकटात होते. अमावास्येच्या आसपास सगळे दिवे बंद करा, मोबाइलही खिशात, आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले पाहिजेत. मग बादलीभर पाणी काढून बघा. हार्वेयी आणि त्याच्या भाऊबंदांतले काही हिरवट-निळा उजेड देतात, आणि देतात तेही पुरेशी गर्दी जमल्यावरच. एकट्यादुकट्या जंतूला तेवढी हौस नसते. समुद्रावर लाटा निळ्या चमकताना पाहिल्या असतील, तो प्रकार वेगळा. ते एकपेशीय प्लवक, हलवलं की लखलखतं आणि शांत झालं की विझतं. जंतूंचा उजेड बादली स्थिर ठेवली तरी मंदपणे चालूच राहतो. कोळंबीचं डोकं आतून चमकत असेल तर पाण्याची प्लेट लावत बसू नका, खाद्य बंद करा आणि मग पुढचं वाचा.

आकडा चढला तर

पहिली गोष्ट खाद्य. दोन दिवस निम्मं करा. व्हिब्रिओ वाढतो तो बहुतेक वेळा आपण घातलेल्या आणि तिने न खाल्लेल्या खाद्यावर. एरेटर रात्रभर, डिझेलचा हिशोब नंतर. पहाटेचा ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मधला गाळ सायफनने किंवा मधल्या ड्रेनमधून काढा. पाणी बदलायचं तर साठवण तळ्यातलं, प्रक्रिया केलेलं. घाबरून खाडीचं दार उघडणारे असतात. भरतीबरोबर शेजाऱ्याच्या तळ्यातलं सगळं तुमच्याकडे येतं. आमच्या वरच्या अंगाला एकाने आजारी तळं रात्रीत खाडीत सोडलं होतं, आम्हाला कळलं ते आठवड्याने. तुमचं तळं आजारी असेल तर पाणी अडवून ब्लीचिंग घालून काही दिवस ठेवल्याशिवाय सोडू नका. कायदाही तेच सांगतो, आणि उद्या तुम्हालाही त्याच खाडीतून पाणी घ्यायचं आहे.

बॅसिलसचं प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जंतूंची पूड, द्या, पण जंतुनाशकाबरोबर नको. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्याने जाळायचं, असं होतं. कोंडा, गूळ आणि प्रोबायोटिक पिंपात आंबवून घालायची पद्धत चांगली आहे, मीही करते. फक्त ते पिंप पण महिन्यातून एकदा प्लेटवर लावा. एका पिंपाच्या पाण्यात मला तळ्यापेक्षा जास्त व्हिब्रिओ मिळाला होता. माणूस रोज सकाळी श्रद्धेने तो तळ्यात ओतत होता.

बीकेसी, आयोडीन, असली जंतुनाशकं उभ्या पिकात टाकायची घाई करू नका. आमच्याच तळ्यात एकदा सासऱ्यांनी माझं न ऐकता बीकेसी मारलं. आदल्या दिवशीच्या प्लेटवर १४० ठिपके होते, दुसऱ्या दिवशी ६. सासरे दिवसभर माझ्याकडे बघून हसत होते. चौथ्या दिवशी प्लेट मोजता येईना. नांगरलेल्या मोकळ्या रानात आधी तण उगवतं, तसं आहे हे. औषधाने व्हिब्रिओबरोबर त्याला खाणारे, त्याच्याशी भांडणारे, आणि पाणी हिरवं ठेवणारे शेवाळही मेले. मेलेल्या शेवाळावर जगणारा आणि अनुकूल हवेत वीसेक मिनिटांत दुप्पट होणारा पहिला कोण? तोच.

म्हणूनच ब्लीचिंग पावडर रिकाम्या साठवण तळ्यात, बीज सोडण्याच्या बऱ्याच आधी. एक एकर, एक मीटर खोल म्हणजे जवळजवळ चार हजार घनमीटर पाणी, एका पीपीएमला, म्हणजे दहा लाखांत एक भाग पडायला, चार किलो. साठ पीपीएमला दोनशे चाळीस किलो. एरेटर लावून तीन-चार दिवस क्लोरीन उडू द्या, किटने शून्य आहे याची खात्री करा. आणि मग लगेच बीज टाकू नका. दहा-बारा दिवस त्या पाण्याला मुरू द्या, प्रोबायोटिक घाला, शेवाळाचा रंग धरू द्या. तण यायच्या आधी पेरून घ्यायचं. तळ्याचा तळ तर त्याही आधी भेगा पडेपर्यंत वाळलेला आणि काळा गाळ खरवडून काढलेला हवा. हा गाळ बांधावर टाकायचा नाही, पहिल्या पावसात परत आत येतो.

अँटिबायोटिकचं मला कुणी विचारू नये. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे, आणि युरोपने २०१६ पासून आपल्या शेतातल्या कोळंबीच्या निम्म्या मालाची तपासणी लावली ती अशाच अवशेषांमुळे. बंदी बाजूला ठेवली तरी त्या विषाच्या आजारात औषध जंतूला मारील, पण सुटलेलं विष कोळंबीच्या पोटातून कोण काढणार? डब्यावर नाव वेगळं, "ग्रोथ टॉनिक" वगैरे, आणि आत काय ते लिहिलेलं नाही, असलं काही विकत घेऊ नका. बिल देत नसेल तर मुळीच नको.

हे सगळं करून अठ्ठेचाळीस तासांनी परत प्लेट. आकडा उतरला तर खाद्य हळूहळू वाढवा. चढतोय आणि ट्रेमध्ये मेलेल्या मिळताहेत, तर दोन नमुने पीसीआरला पाठवा आणि व्यापाऱ्याला फोन करून ठेवा. त्या दिवशी जाळं मारायचं की नाही, हे मी सांगू शकत नाही. मोजून सांगू शकते.

आवराआवर

वाचून झालेली प्लेट म्हणजे जंतूंनी गच्च भरलेली थाळी. कचऱ्यात नाही, तळ्यात तर नाहीच. काचेच्या प्लेटा कुकरमध्ये वीस मिनिटं, आणि तो कुकर वेगळा. माझ्या कुकरला लाल रंगाचा पट्टा मारलाय आणि घरात सगळ्यांना माहीत आहे की त्याला हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या असतील तर ब्लीचिंगच्या दाट पाण्यात रात्रभर बुडवा.

आणि हात. कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा बोटात घुसतो, तळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला घुसलाय. लगेच साबण आणि पिण्याच्या पाण्याने धुवा, तळ्याच्या पाण्याने नाही. जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. मधुमेह असेल किंवा लिव्हरचं दुखणं असेल तर हातमोज्याशिवाय नमुनाच घेऊ नका, व्हल्निफिकस अशांना जीवघेणा होतो. काही तासांत हात लाल होऊन चढत्या सुजेने फुगला, जांभळट फोड आले, ताप भरला, तर रात्र काढू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की खाडीच्या पाण्यात काम करताना लागलंय. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.